‘हे तर आपलेच!’ : नानमधील मंदिरे आणि मराठी प्रवासवर्णनाची एक खोड

१

मराठी प्रवासवर्णनात एक वाक्य असे आहे, की ते प्रथम कोणी लिहिले हे सांगता येणार नाही. मात्र पूर्वेकडे गेलेल्या बहुतेक प्रत्येकाने ते एकदा तरी लिहिले आहे. ‘हे तर आपलेच!’ बँकॉकच्या विमानतळावर समुद्रमंथनाचे शिल्प दिसते, लेखक थबकतो, त्याचा ऊर भरून येतो आणि हे वाक्य उमटते. अंगकोरच्या भिंतीवर कुरुक्षेत्र दिसते, पुन्हा तेच. बालीत भाताच्या शेताकडेला देवळी दिसते, पुन्हा तेच. त्यानंतर आपल्या पूर्वजांनी तलवार न उगारता जगाला संस्कृती कशी दिली याचा एक परिच्छेद येतो आणि लेखक दुपारच्या जेवणाच्या वर्णनाकडे वळतो. वाचकालाही बरे वाटते. परमुलखात जाऊन घरच्याच वस्तू सापडल्या, यापरते सुखाचे काय असणार!

आमचे म्हणणे असे, की हे वाक्य निरुपद्रवी नाही. ते आत्मीयतेचे दिसते, पण पाहणे थांबवण्याचे काम करते. जे ‘आपलेच’ आहे ते पाहावे लागत नाही, त्याविषयी विचारावे लागत नाही, त्याची भाषा शिकावी लागत नाही. शिवाय, हा या लेखातील खरा मुद्दा आहे, हे वाक्य उच्चारणारा मराठी लेखक ज्याला ‘आपले’ म्हणतो ते त्याच्या स्वतःच्या गावात त्याने आपले मानलेले असतेच असे नाही.

हे आम्ही उंच आसनावर बसून सांगत नाही. उत्तर थायलंडमधील नान या गावी आम्ही तिघे साहित्याचे शिक्षक पहिल्यांदाच गेलो, तेव्हा पहिल्या संध्याकाळी आमच्या वहीत हेच वाक्य लिहिले गेले होते. पुढील विवेचन ही त्या वाक्याची उलटतपासणी आहे.

२

नान हे लाओसच्या सीमेलगतच्या प्रांताचे मुख्य गाव. तिथे रेल्वे जात नाही. चिआंग माईहून डोंगरातून वळणे घेत जाणाऱ्या बसला सुमारे सहा तास लागतात. गाव सपाट, घरे बैठी, रस्ते स्वच्छ. मध्यभागी चौकात राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय आहे, ते १९०३ साली बांधलेल्या राजवाड्यात. त्याच्या एका बाजूस वाट फूमिन, दुसऱ्या बाजूस वाट फ्रा थात चांग खाम. त्याच्या स्तूपाला चहूबाजूंनी हत्तींच्या अर्धप्रतिमांनी आधार दिलेला आहे. नदी ओलांडून थोडे दूर गेले की टेकाडावर वाट फ्रा थात चे हेंग. त्याचा सोनेरी स्तूप चौदाव्या शतकातील स्थापनेचा मानला जातो आणि सशाच्या वर्षी जन्मलेल्यांनी आयुष्यात एकदा तरी त्याचे दर्शन घ्यावे अशी तिकडची श्रद्धा आहे.

वस्तुसंग्रहालयाच्या आवारात चाफ्याची दुतर्फा झाडे आहेत. फांद्या वर एकमेकींत गुंतून बोगद्यासारखा मांडव झालेला. आमच्यापैकी एकजण म्हणाले, ‘आपला देवचाफा!’ आणि आम्ही सर्वांनी मान डोलावली. हा चाफा मुळात मध्य अमेरिकेतला. तो आपल्याकडे परदेशातूनच आला आणि थायलंडमध्येही. देवळाच्या अंगणात रुजला म्हणून तो दोन्हीकडे सनातन वाटू लागला. आम्हाला ही गोष्ट ठाऊक होती. तरी त्या क्षणी आठवली नाही. ‘आपला’ हा शब्द ज्ञानाला असा झाकून टाकतो.

मग वाट फूमिन. परंपरेनुसार त्याची स्थापना १५९६ सालची. इमारत अधिक-चिन्हाच्या आकाराची, चारही दिशांना दारे. दोन प्रचंड नाग इमारतीच्या आरपार गेलेले; एका बाजूस त्यांची मस्तके, दुसऱ्या बाजूस शेपट्या; जणू सारी वास्तू त्यांनी पाठीवर तोलली आहे. आत मध्यभागी चार बुद्धमूर्ती, एकमेकींना पाठ लावून चार दिशांना तोंड केलेल्या. कोणत्याही दारातून आत या, समोर बुद्ध आहेच. पादत्राणे बाहेर, पाय मूर्तीकडे न करता दुमडून बसायचे, आवाज खाली. आम्ही बसलो. बाहेर ऊन होते, आत गारवा. भिंतींवर चित्रे होती. आम्ही त्यांच्याकडे पाहिले आणि तिघांच्याही तोंडून एकदमच ‘अजिंठा’ हा शब्द निघाला.

त्या संध्याकाळी वहीत लिहिले गेले ते असे : नागांना ‘शेषनाग’, चित्रांना ‘अजिंठ्याची परंपरा’, कथांना ‘आपल्या जातककथा’, आणि शेवटी ते वाक्य. या चारांपैकी एकही विधान पुरतेपणी टिकणारे नव्हते.

३

शब्दांपासून आरंभ करू, कारण साहित्याच्या अभ्यासकाला तेच जवळचे.

थाई भाषेत ‘विहान’ असा शब्द आहे. तो आपल्या ‘विहार’ या शब्दाचेच रूप. ‘चेदी’ म्हणजे ‘चैत्य’. ‘उबोसोत’ म्हणजे पालीतील ‘उपोसथ’. हे कानावर पडले की मराठी माणूस सुखावतो. भाजे, कार्ले, अजिंठा पाहिलेल्या मराठी वाचकाला तर हे शब्द पाठच असतात : विहार म्हणजे भिक्षूंच्या निवासाची जागा, चैत्यगृह म्हणजे आत स्तूप असलेले प्रार्थनागृह. हे ज्ञान घेऊन तो नानच्या आवारात शिरतो आणि प्रत्येक ठिकाणी चुकतो. कारण तिथे ‘विहान’मध्ये भिक्षू राहत नाहीत, तो उपासकांनी एकत्र बसण्याचा मंडप आहे. ‘चेदी’ म्हणजे गृह नव्हे, तो स्वतः स्तूपच. ‘उपोसथ’ हा मूळचा व्रताचा दिवस. तिथे तो इमारतीचे नाव होऊन बसला आहे, जिथे भिक्षूंची दीक्षा व अन्य संघकार्ये होतात. दीक्षा घ्यायला निघालेल्या तरुणाला ‘नाक’, म्हणजे नाग, म्हणतात. आणि ज्या साऱ्याला आपण ‘मंदिर’ म्हणून मोकळे होतो तो ‘वाट’ म्हणजे एक इमारत नव्हेच. मंडप, स्तूप, भिक्षूंच्या कुट्या, पुष्कळदा शाळासुद्धा पोटात घेणारे सबंध आवार आहे.

शब्द तोच, अर्थ निराळा. भाषांतराच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना सांगतो, की दोन भाषांत सारख्या दिसणाऱ्या शब्दांपासून सावध असावे. अनोळखी शब्दापाशी माणूस थांबतो, ओळखीच्या शब्दावरून घसरतो. ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड होतो हे आपण गमतीने सांगतो. मग तोच नियम संस्कृतीला लावायला आपण का कचरतो? नानचा ‘विहान’ हा आपल्या विहाराची प्रत नाही. तिथल्या लोकांनी एक शब्द घेतला आणि त्यात आपले घर बांधले. घेणे ही कृती आहे. घेणाऱ्याचीही प्रतिभा असते. ‘आपण दिले’ या वाक्यात देणाऱ्यालाच कर्तेपण मिळते. घेणारा व्याकरणातही संप्रदानात ढकलला जातो.

४

आता चित्रे.

वाट फूमिनच्या भिंतींवर मुख्यतः दोन कथा आहेत. एक निमिजातक, ती पाली जातकांच्या संग्रहात आहे. दुसरी, आणि अधिक जागा व्यापणारी, खत्तनकुमाराची. ही कथा पाली त्रिपिटकासोबत येणाऱ्या ५४७ जातकांत शोधूनही सापडणार नाही. ती ‘पञ्ञास जातक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कथापरंपरेतील आहे. पञ्ञास म्हणजे पन्नास. उत्तर थायलंडच्या लान्ना प्रदेशात, तिकडच्याच भिक्षूंनी, तिकडच्याच लोककथांना जातकाचे रूप देऊन रचलेल्या या गोष्टी. म्हणजे ज्यांना आम्ही ‘आपल्या जातककथा’ म्हणून वहीत नोंदवले त्यांतली मोठी कथा पाली जातकसंग्रहातली नव्हतीच.

कथा आहे एका पोरक्या मुलाची. बाप ठाऊक नसलेला खत्तनकुमार आईला मागे ठेवून बापाच्या शोधात निघतो आणि वाटेत अनेक संकटे निवारतो. चित्रे थाई ल्यू समाजातील हनान बुआफन या चित्रकाराची मानली जातात. जवळच्या था वांग फा तालुक्यातील वाट नोंग बुआ येथील चित्रेही त्याच्याच नावावर सांगतात. ‘हनान’ हे त्याचे नाव नव्हे. जो पुरुष भिक्षू होऊन पुढे संसारात परतला त्याला उत्तरेकडे लावला जाणारा हा मानाचा शब्द. अर्थात हा चित्रकार मठात शिकलेला, धर्म जाणणारा आणि पुन्हा गावात राहायला आलेला माणूस. त्याची चित्रेही तशीच आहेत. कथा बोधिसत्त्वाची, पण माणसे नानची : मांड्यांवर गोंदवलेले पुरुष, आडव्या पट्ट्यांची वस्त्रे नेसलेल्या बायका, माग, बाजार, प्रणय, भांडणे. एका भिंतीवर आगबोट आहे आणि टोपीवाले युरोपीय आहेत. अजिंठ्याच्या शेवटच्या चित्रांपासून ही चित्रे सुमारे चौदाशे वर्षे दूर आहेत. मध्यंतरीची ती चौदा शतके आमच्या ‘अजिंठ्याची परंपरा’ या दोन शब्दांत गडप झाली होती.

टोपीवाले तिथे कशाला आले? इथे नानचा इतिहास पाहावा लागतो. नान हे स्वतंत्र राजांचे गाव होते. पंधराव्या शतकाच्या मध्यास ते लान्नाच्या सत्तेखाली गेले, पुढच्या शतकात ब्रह्मदेशाच्या, आणि १७८८ मध्ये सयामचे मांडलिक झाले. पण गादी टिकून होती. १८९३ मध्ये फ्रेंचांनी युद्धनौका बँकॉकपर्यंत आणून सयामकडून मेकाँगच्या डाव्या तीरावरील प्रदेश लिहून घेतला, त्यात नानच्या ताब्यातील मुलूखही गेला. १९०४ मध्ये उजव्या तीरावरचाही भाग गेला. १९३१ मध्ये शेवटचा राजा वारला आणि ते पदच संपुष्टात आले.

डेव्हिड वायट या इतिहासकाराने थाई भित्तिचित्रांवरील २००४ सालच्या पुस्तकात या चित्रांचा संबंध १८९३ च्या घटनेशी जोडला. सयामने आपले रक्षण केले नाही, आपण पोरके झालो, ही नानची भावना चित्रकाराने पोरक्या मुलाच्या कथेतून भिंतीवर आणली, असा त्यांच्या मांडणीचा रोख. चित्रांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काहीजण ती १८६७ ते १८७४ या जीर्णोद्धाराच्या वर्षांतील मानत आले आहेत. वायट यांचे म्हणणे अखेर मान्य होवो वा न होवो, आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की ते चित्रांना एक प्रश्न विचारते : ही कथा इथे, या वेळी, या माणसाला का सांगावीशी वाटली? कोणत्याही संहितेला विचारण्याचा हा पहिला प्रश्न. आम्ही तो आयुष्यभर वर्गात विचारत आलो आणि नानच्या भिंतीसमोर विसरलो. ‘आपलेच’ म्हटल्यावर प्रश्न विचारण्याचे प्रयोजनच उरले नव्हते.

५

याच खोडीचे जुळे भावंड म्हणजे ‘शांत’ हे विशेषण. नानविषयी जे काही छापले जाते त्यात हा शब्द हटकून येतो. शांत, निवांत, काळ थांबलेले गाव. आमच्याही वहीत तो होता.

गाव शांत आहे हे खरे. पण ही शांतता निसर्गाने दिलेली नाही. एक राजधानी मुलूख गमावून, गादी गमावून, रेल्वेच्या वाटेबाहेर राहून जिल्ह्याचे गाव झाली की ती शांत होते. विदर्भ-मराठवाड्यातील किती तरी जुनी राजधानीची गावे अशीच शांत आहेत, आणि तिथे राहणाऱ्या माणसाला त्या शांततेचे काय वाटते हे आपण जाणतो. तिथला तरुण पुण्याला जातो, नानचा बँकॉकला. परगावच्या प्रवाशाला जी शांतता विसावा वाटते ती गावकऱ्याला पोटाचा प्रश्न असते. ‘काळ थांबला आहे’ असे लिहिणारा लेखक वस्तुतः एवढेच सांगत असतो, की त्याचा मुक्काम दोन दिवसांचा होता.

याचेच दुसरे उदाहरण फूमिनमधील ते प्रसिद्ध जोडपे. डोक्यावर बुचडा आणि अंगभर गोंदण असलेला पुरुष स्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या कानाशी काही सांगतो आहे. पर्यटनाच्या भाषेत ही ‘प्रेमाची कुजबुज’. अंगरखे, पिशव्या, कंदील, गावात जिथे पाहावे तिथे हे दोघे. चित्राशेजारी लान्ना लिपीत त्यांची नावे आहेत : ‘पू मान, या मान’. ‘मान’ म्हणजे बर्मी. ‘पू’ आणि ‘या’ हे शब्द एरवी आजोबा आणि आजी यांसाठी वापरतात. इथे ते पुरुष आणि स्त्री एवढ्याच अर्थी असावेत. ज्या ब्रह्मदेशाची सत्ता नानने शतकांहून अधिक काळ सोसली तिथली ही माणसे, नानच्या मंदिरात, इतक्या मायेने का रंगवली गेली? तो काय सांगतो आहे, आणि ती दूर का पाहते आहे? हे प्रश्न कंदिलावर मावत नाहीत. आम्हीही एक पिशवी विकत घेतली, हे सांगून टाकलेले बरे.

६

आमच्या मांडणीवर दोन आक्षेप येतील. दोहोंना उत्तर दिले पाहिजे.

पहिला असा : मग भारताचा प्रभाव नाहीच का? बुद्ध कुठे जन्मला? पाली कुठली? नाग कुठले?

प्रभाव आहे, हे कोणीच नाकारत नाही. हरकत त्याच्या हिशेबाला आहे. हा हिशेब कुठून आला तेही पाहावे. १९२६ मध्ये कलकत्त्यात ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’ स्थापन झाली आणि ‘बृहत्तर भारत’ ही कल्पना विद्वत्तेच्या भाषेत मांडली जाऊ लागली. परकीय सत्तेखाली पिचलेल्या देशाला आपणही कधी काळी समुद्रापार गेलो होतो हे सांगण्याची त्या काळी गरज होती. ती समजून घेता येते. पण पुढे अभ्यास थांबला नाही. १९८२ मध्ये ओ. डब्ल्यू. वोल्टर्स यांनी दाखवले, की आग्नेय आशियातील समाजांनी बाहेरून आलेल्या कल्पना मोडून, निवडून, आपल्या जुन्या समजुतींत बसवून घेतल्या. आयात वस्तू स्थानिक झाली तेव्हाच तिला अर्थ आला. इतिहासाच्या वर्गात हे आज नवलाचे राहिलेले नाही. मराठी प्रवासवर्णन मात्र १९२६ मध्येच मुक्कामाला आहे.

शिवाय नानपर्यंत आलेला बौद्ध धर्म थेट आपल्या दारातून निघालेला नाही. तो श्रीलंकेहून आला, मोन लोकांकडून आला, सुखोथायमार्गे आला. पंधराव्या शतकात लान्नाचे भिक्षू लंकेला जाऊन नव्याने दीक्षा घेऊन परतले आणि त्यांनी आपली परंपरा शुद्ध करून घेतली. सोळाव्या शतकाच्या पहिल्या चरणात लान्नामध्ये रतनपञ्ञ याने ‘जिनकालमाली’ हा धर्मेतिहास आणि सिरिमंगल याने ‘मंगलत्थदीपनी’ ही टीका लिहिली. दोन्ही पालीत. दुसरी तर थायलंडच्या पाली अभ्यासक्रमात आजही आहे. ज्या काळात भारताच्या बहुतेक भागांतून बौद्ध धर्म लोपला होता त्या काळात लान्नाचे विद्वान पालीत ग्रंथरचना करीत होते. ‘आपण दिले’ हे वाक्य म्हणायचेच असेल तर त्याच्या पुढचे वाक्यही म्हणावे लागेल : आपण टाकले, त्यांनी ठेवले.

याचा अर्थ तिकडचे सारेच वंदनीय मानावे असा नाही. उत्तरेकडील कित्येक स्तूपांच्या कठड्यापाशी स्त्रियांना आत प्रवेश नसल्याची पाटी असते. आमच्यातील एकीला अशाच एका कठड्याबाहेर उभे राहावे लागले. स्त्रियांना भिक्षुणीची दीक्षा देण्यास थाई संघाने १९२८ मध्ये मनाई केली, ती उठवलेली नाही. यावर टीका झालीच पाहिजे, आणि तिथल्या स्त्रिया ती करीतही आहेत. पण आपल्या प्रवासलेखकाची गंमत पाहा : सोनेरी स्तूप दिसला की तो ‘आपला’, आणि ही पाटी दिसली की ‘त्यांची रूढी’. श्रेय आपले, दोष त्यांचे. अशी वाटणी भाऊबंदकीत होते. अभ्यासात होऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक सौम्य आहे. प्रवासलेखक हा काही संशोधक नव्हे. तो ललित लिहितो. त्याच्याकडून अनुभवाचा टवटवीतपणा मागावा, तळटिपा मागू नयेत.

आम्ही तळटिपा मागत नाही. १८८९ साली पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक निघाले, त्याचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. नावातला क्रम पाहावा : आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. तिकडची माणसे कशी जगतात हे प्रथम, मी कशी हिंडले हे नंतर. रमाबाई तिथे ‘आपले’ काय आहे हे शोधत नव्हत्या; आपल्याकडे काय नाही हे पाहत होत्या. मराठी प्रवासलेखनाच्या आरंभकाळातच हा क्रम लावून दिलेला असताना पुढे तो उलटला कसा, हा आमच्या मते संशोधनाचा विषय आहे. आणि त्याचा काही दोष आम्हा शिक्षकांकडे जातो. प्रवासवर्णन शिकवताना आम्ही ‘चित्रमय शैली’, ‘प्रसन्न व्यक्तिमत्त्व’, ‘मिश्कील विनोद’ यांवर टिपा लिहायला लावतो. लेखक किती दिवस राहिला, कोणाशी बोलला, कोणत्या भाषेत बोलला, कशाबद्दल चुकला, हे आम्ही परीक्षेत कधी विचारले नाही. जे विचारले जात नाही ते लिहिलेही जात नाही.

७

राहता राहिली एक गोष्ट, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहावा लागला.

चे हेंगच्या आवारात झाडाखाली एक वृद्ध बाई बसल्या होत्या. पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या, थोडे इंग्रजी जाणत होत्या. आम्ही भारतातून आलो हे ऐकून त्यांनी हात जोडले. बुद्धाच्या देशातून आलात, असे काहीसे म्हणाल्या. आम्ही ते नेहमीच्या अभिमानाने स्वीकारले. मग त्यांनी सहज विचारले, ‘तुमच्या गावातला वाट कसा आहे?’

आम्ही म्हणालो, आमच्या गावात पुष्कळ मंदिरे आहेत. त्या म्हणाल्या, तसे नव्हे, बुद्धाचा वाट.

आहे. आम्ही तिघे ज्या गावात शिकवतो तिथे आहे. महाविद्यालयापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, निळ्या कमानीच्या आत. आम्ही त्यावरून रोज जातो. आमच्या वर्गातील विद्यार्थी तिथे जातात. आंबेडकर जयंतीला त्या रस्त्यावर वाहतूक बंद असते म्हणून आम्ही दुसऱ्या रस्त्याने येतो. त्या बाईंनी पुढे विचारले, आतली मूर्ती कशी आहे, बसलेली की उभी? आम्हाला सांगता आले नाही. आमच्यापैकी कोणीही त्या दारातून कधी आत गेले नव्हते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध आहेत. देशातील बौद्धांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक. १९५६ मध्ये नागपूरला डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह दीक्षा घेतली, तेव्हापासून हा धर्म इथे पुन्हा जिवंत आहे; त्याचे विहार आहेत, त्याची गाणी आहेत, त्याचे साहित्य आहे. ते साहित्य आम्ही शिकवतो. तरीही ‘आपला बौद्ध वारसा’ म्हणताना आमच्या डोळ्यांसमोर अजिंठा येतो, बोरोबुदूर येते, नान येते. कमानीमागचा विहार येत नाही. सहा तास डोंगरातून बस करून, पादत्राणे काढून, पाय दुमडून आम्ही ज्या बुद्धासमोर बसलो त्याला ‘आपला’ म्हणणे सोपे होते, कारण तो दूर होता आणि आमच्याकडून काही मागत नव्हता. गल्लीतल्या बुद्धाला ‘आपला’ म्हणायचे तर जातीचा हिशेब काढावा लागतो. ‘हे तर आपलेच!’ या वाक्यातला ‘आपण’ कोण, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही, कारण त्याचे उत्तर आम्हाला ठाऊक होते.

परत आल्यावर आम्ही त्या विहारात गेलो. रविवारची सकाळ होती. पादत्राणे बाहेर काढली. आत सतरंज्या अंथरलेल्या, लहान मुले वंदना म्हणत होती. मूर्ती बसलेली आहे. उजवा हात भूमीला स्पर्श करणारा, मस्तकावर ज्वालेसारखी उभी शिखा. चौथऱ्यावर थाई अक्षरांतली एक पाटी होती. विचारले तेव्हा व्यवस्थापकांनी सांगितले, की ही मूर्ती थायलंडच्या उपासकांनी दान दिलेली आहे. ‘तुम्ही सर, पहिल्यांदाच आलात ना?’ असेही ते म्हणाले. त्यात टोचणी नव्हती. बसायला जागा करून देत होते.

कोणी कोणाला काय दिले याचा जमाखर्च आम्ही आता मिटवला आहे. वहीतले ते पहिल्या संध्याकाळचे वाक्य मात्र खोडलेले नाही. विद्यार्थ्यांना प्रवासवर्णन शिकवताना ते आता आम्ही फळ्यावर लिहितो आणि विचारतो : हे वाक्य कोण म्हणते आहे, कुठे उभे राहून, आणि घरी परतल्यावर ते त्याला म्हणता येईल का?